उपाशीपोटीची शुगर, अवेळी लागणारी भूक आणि त्यामागचे हॉर्मोन (ठाणे-नवी मुंबई)

मासुंदाकाठ

"रात्री झोपताना १२० होती, काही न खाता सकाळी १३८ कशी?", "जेवून दोन तास होत नाहीत तोच पोटात कावळे का ओरडतात?" असे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांत विखुरले आहेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. शुगरचा आकडा किती वाजताचा आणि शेवटच्या घासानंतर किती वेळाने घेतलेला, हे माहीत नसेल तर त्याचा अर्थ लावता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण साखर आणि भूक सांभाळणारे हॉर्मोन दिवसभर सारखे नसतात.

आधी पाया. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. शुगर १०० असेल (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढे सगळीकडे तेच एकक) तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं फक्त ५ ग्रॅम, चहाचा जेमतेम एक चमचा. १५० ग्रॅम शिजलेल्या भातात कर्बोदकं ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रक्तात असलेल्या साखरेच्या आठपट माल दोन-तीन तासांत आत येतो, तरी निरोगी माणसाचा आकडा १४० च्या वर फारसा जात नाही. हे काम मुख्यतः इन्सुलिनचं.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत ग्लुकोज शिरलं की तिथे ते जळून ऊर्जा तयार होते. त्या ऊर्जेमुळे पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं बंद होतात, पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि तयार ठेवलेलं इन्सुलिन बाहेर पडतं. पहिला जोराचा लोंढा पहिल्या दहा मिनिटांत येतो, नंतर संथ पुरवठा चालू राहतो. टाइप २ मधुमेहात हा पहिला लोंढा लवकर मंदावतो. त्यामुळे पुष्कळदा जेवणानंतरची शुगर आधी बिघडते आणि उपाशीपोटीची बरीच नंतर. फक्त सकाळचं रक्त तपासून "नॉर्मल आहे" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

इन्सुलिन स्वादुपिंडातून थेट यकृताकडे जातं आणि जवळपास निम्मं तिथेच वापरलं जातं. यकृत साखर साठवायला लागतं, नवी सोडायचं थांबवतं. उरलेलं इन्सुलिन स्नायूंत आणि चरबीत ग्लुकोजची दारं उघडतं. उलट बाजूला ग्लुकागॉन, त्याच स्वादुपिंडातल्या अल्फा पेशींतून. जेवण होऊन वेळ गेला की तो यकृताला साठा मोडायला लावतो. यकृतातला साठा साधारण १०० ग्रॅमचा. एकट्या मेंदूला दिवसाला १२० ग्रॅमच्या घरात ग्लुकोज लागतं, म्हणून रात्रभराच्या उपासात यकृत प्रथिनांच्या घटकांपासून नवीन साखरही बनवत असतं.

ऐरोली_रात्रपाळी

उत्तम सुरुवात. मग सकाळी वाढलेली साखर यकृताचीच का? आणि आमच्याकडे महापे-ऐरोलीत रात्रपाळी करणारे खूप आहेत. त्यांची "सकाळ" कुठली धरायची?

येऊर_पायवाट

हो, यकृताचीच. पहाटे तीन ते आठच्या दरम्यान कॉर्टिसॉल चढत जातं, रात्री वाढलेल्या ग्रोथ हॉर्मोनचा परिणामही तेव्हा शिल्लक असतो. दोन्ही हॉर्मोन इन्सुलिनचा जोर कमी करतात आणि यकृत साखर सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन थोडं वाढून हिशेब जुळतो. ज्याचं इन्सुलिन अपुरं पडतं त्याचा आकडा उठल्यावर २०-३० ने वर दिसतो. त्यासाठी रात्री चोरून गोड खाल्लेलं असावं लागत नाही. घरातल्या आजी-आजोबांवर असा संशय घेतला जातो, ते थांबलं पाहिजे.

खरं कारण शोधायचं तर लागोपाठ दोन-तीन दिवस तीन वेळा मोजा: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्याबरोबर. तीनला नीट असून नंतर चढत असेल तर ती पहाटेच्या हॉर्मोनची वाढ. झोपतानाच जास्त असेल आणि तशीच राहत असेल तर कारण रात्रीच्या जेवणात किंवा औषधाच्या मात्रेत आहे. दहा वाजता भरपेट भात-आमटी खाऊन अकराला आडवं झालं की हे हमखास दिसतं. तीनला ७० च्या खाली सापडली तर गोष्ट निराळी. रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन जास्त होतंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सकाळचा आकडा मोठा दिसला म्हणून रात्रीचा डोस स्वतःहून वाढवणं या तिसऱ्या प्रकारात घातक ठरतं.

रात्रपाळीबद्दल: "उपाशीपोटी" म्हणजे सकाळ नव्हे. पाण्याशिवाय काहीही न घेता किमान ८ तास. पहाटे चारला कँटीनमध्ये चहा-बिस्कीट खाऊन आठला लॅबमध्ये रक्त दिलं तर तो आकडा उपाशीपोटीचा नाही. पाळी संपवून झोप घ्या आणि उठल्यावर, काही खाण्याआधी रक्त द्या. तेही जमत नसेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्तचाचणी) करा, त्याला उपाशी असावं लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत, रात्री मेलाटोनिन (झोपेचं हॉर्मोन) वाढलेलं असतं आणि ते इन्सुलिनचं स्रवणं कमी करतं. तोच डबा दुपारी एकला आणि रात्री दोनला खाल्ला तर रात्री शुगर जास्त चढते. मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी आठ-नऊपर्यंत उरका. मध्यरात्रीनंतर उकडलेली अंडी, मूठभर भाजलेले चणे, ताक अशा प्रथिनांवर भागवा. कंपनीच्या कँटीनमधला वडापाव आणि गोड चहा ही त्या वेळची सर्वांत वाईट जोडी. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र जेवणाची वेळ बदलण्याआधी डोसची वेळ बदलून घ्यावी.

कोपरखैरणेकर

भुकेबद्दल लिहा की कोणीतरी. सगळे इन्सुलिनवरच अडकलेत.

येऊर_पायवाट

लिहितो. भूक लावणारा मुख्य हॉर्मोन घ्रेलिन, जठराच्या वरच्या भागातून येणारा. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी तो १९९९ मध्ये शोधला. जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी तो चढतो आणि खाल्ल्यावर उतरतो. त्याला वेळेची सवय लागते. रोज दीडला डबा उघडणाऱ्याला सव्वाला भूक लागते, नाश्ता कितीही भरपेट झालेला असो. त्या वेळी खाल्लं नाही तरी थोड्या वेळाने लाट आपोआप ओसरते. म्हणून रोज संध्याकाळी सातला स्टेशनबाहेर भजी खाणाऱ्याला सातची भूक लागते, आणि काही आठवडे वेळ मोडली की तिचा जोरही कमी होतो. भूक "खोटी" असते असं मात्र म्हणू नये. हॉर्मोन खरोखर वाढलेला असतो.

जेवण पुरे झाल्याचा निरोप आतड्यातून येतो. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की सीसीके नावाचं हॉर्मोन सुटतं, ते जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं. पुढे आतड्याच्या शेवटच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हॉर्मोन येतात. हे निरोप मेंदूपर्यंत पोचून भूक शमायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. सात मिनिटांत डबा संपवणारा माणूस निरोप पोचायच्या आत दोन पोळ्या जास्त खाऊन मोकळा होतो.

ताटातला क्रमही महत्त्वाचा. आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ, मासे, अंडं किंवा पनीर आणि शेवटी भात-पोळी, असं जेवल्यावर त्याच अन्नाने शुगर कमी चढते, कारण प्रथिनं आणि तंतू आधी पोचून जठराचा वेग कमी करतात. आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी आणि मासे असतात, तिथे भाकरी सोडायची गरज नाही. मासा आणि भाजी आधी, भाकरी दोनऐवजी एक.

दीर्घकाळाचा हिशेब लेप्टिन ठेवतं. ते चरबीच्या पेशींतून येतं, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये त्याचं जनुक शोधलं. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त आणि भूक कमी, अशी मूळ योजना. पण स्थूल माणसात लेप्टिन भरपूर असूनही मेंदू त्याला दाद देत नाही, म्हणून लेप्टिनची इंजेक्शनं सर्वसाधारण लठ्ठपणावर चालली नाहीत. उलट, झपाट्याने वजन उतरवलं की लेप्टिन पडतं, घ्रेलिन वाढतं आणि भुकेचा डोंब उसळतो. क्रॅश डाएटनंतर वजन परत येतं त्यात इच्छाशक्तीचा दोष काढणं अन्याय आहे. आणि झोप: सलग काही रात्री चार-पाच तासच मिळाले तर घ्रेलिन वाढतं, लेप्टिन घटतं, गोड-तळकटाची ओढ वाढते. कर्जत-कसाऱ्याहून पहाटेची लोकल धरणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त भोवतं.

श्रावणसरी

उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की दोन-अडीच तासांत हातपाय गळल्यासारखे का होतात? पोट तर गच्च भरलेलं असतं.

मासुंदाकाठ

ताई, साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात कर्बोदकं ८५ ग्रॅमच्या वर आणि प्रथिनं १ ग्रॅमसुद्धा नाहीत. एका बशीत ५०-६० ग्रॅम कोरडा साबुदाणा सहज जातो, त्यात बटाटा. शुगर चढते, इन्सुलिन मोठ्या प्रमाणात येतं आणि काही जणांत दोन-तीन तासांनी आकडा सुरुवातीपेक्षाही खाली जातो. तेव्हा थकवा आणि भूक. साबुदाणा निम्मा करा, दाण्याचं कूट दुप्पट करा, सोबत वाटीभर दही घ्या. वरी हलकी वाटते पण तीही मुख्यतः स्टार्चच. राजगिऱ्यात प्रथिनं बरी असतात.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपासाआधी दोन नावं तपासा. ग्लिमेपिराइड वर लिहिलेली पोटॅशियमची दारं थेट बंद करतं, मग रक्तात साखर असो वा नसो. उपाशीपोटी घेतलं तर शुगर लो होऊ शकते. दुसरी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं. निर्जळी उपास किंवा फार कमी कर्बोदकं घेऊन ती चालू ठेवली तर रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारे आम्ल पदार्थ) वाढून आम्लता होऊ शकते, आणि गंमत नाही, तेव्हा शुगर फारशी वाढलेली नसतेही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप ही लक्षणं दिसली तर "पित्त झालं" म्हणून लिंबू-पाणी देत बसू नका, रुग्णालय गाठा.

फार्मसी_काउंटर

शुगर लो होण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण काउंटरवर याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज भेटतात.

शरीर टप्प्याटप्प्याने बचाव करतं. ८० च्या आसपास इन्सुलिनचं स्रवणं कमी होतं. ६५-७० ला ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन चढतात: थरथर, धडधड, दरदरून घाम, अचानक भूक. त्याहून खाली मेंदूला साखर पुरत नाही, मग चिडचिड, बोलणं अडखळणं, अंधारी. ५४ च्या खाली गंभीर समजायचं.

७० च्या खाली दिसली की १५ ग्रॅम ग्लुकोज: ग्लुकोज पावडरचे तीन भरलेले चमचे अर्ध्या ग्लास पाण्यात, किंवा साखरेचे चार सपाट चमचे, किंवा १२०-१५० मिली गोड फळांचा रस. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. ७० च्या वर आली की पोळी, पोहे, दूध असं काही खा, नाहीतर तासाभरात परत उतरेल. चॉकलेट किंवा पेढा देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

आता तीन गोष्टी ज्या चिठ्ठीवर कोणी लिहून देत नाही. पहिली: गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर नीट काम करणार नाही. ही औषधं साखर फोडणाऱ्या आतड्यातल्या विकरालाच अडवतात. अशा रुग्णाला तयार ग्लुकोज पावडरच लागते. बऱ्याच एकत्रित गोळ्यांत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज तिन्ही असतात, स्ट्रिपच्या मागची घटकांची नावं वाचा. दुसरी: ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर-धडधड दबते, पण घाम येतोच. विनाकारण घाम हीच खूण धरा. तिसरी: ग्लिमेपिराइडने लो झालेली शुगर, विशेषतः किडनी कमजोर असलेल्या वृद्धांत, पुन्हा पुन्हा उतरू शकते. एकदा साखर देऊन बरं वाटलं म्हणून एकटं सोडू नका.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

ठाणे-वाशी लोकलने जाणाऱ्यांना एक सांगणं: ग्लुकोजची पुडी रॅकवर ठेवलेल्या बॅगेत ठेवू नका, खिशात ठेवा. तुर्भ्याच्या गर्दीत रॅकवरची बॅग हाताला लागत नाही.

लॅब_सानपाडा

आकडाच चुकीचा आला तर वरची सगळी चर्चा फुकट, म्हणून नमुन्याबद्दल. रक्त नळीत आल्यावरही त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून शुगरसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइड असलेली नळी वापरतात. फ्लोराइडलाही पूर्ण परिणाम करायला वेळ लागतो. घरी येऊन नमुना घेणारा पुढे चार घरं करून लॅबमध्ये पोचणार असेल तर नळी कोणती आणि बर्फाची पेटी आहे का, हे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

"जेवणानंतर दोन तास" हे पहिल्या घासापासून मोजायचे.

ग्लुकोमीटर: सध्याचं मानक असं की १०० च्या खाली १५ अंकांचा आणि वर १५ टक्क्यांचा फरक मान्य. लॅब १५० आणि मीटर १६५ म्हणजे मीटर बिघडलेलं नाही. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. हापूस सोलून तसंच टोचलं तर सालीचा रस लागून निरोगी माणसाचा आकडाही फार वर दिसतो, आणि सॅनिटायझरने ती साखर जाईलच असं नाही. टोचताना बोटाची बाजू घ्या, पिळून रक्त काढू नका. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्यांचा डबा उघडा राहिला की पट्ट्या खराब होतात. पट्टी काढली की लगेच झाकण.

एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जास्त. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ किंवा वर मधुमेह. पण लोह कमी असलेल्या बाईत तो खोटा जास्त येऊ शकतो, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी. हिमोग्लोबिन ९ असताना फक्त एचबीए१सीवरून निदान करू नये. घराण्यात थॅलेसेमिया असेल तर लॅबला आधी सांगा.

कोपरखैरणेकर

सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर? सकाळची शुगर नेहमी छान येते.

फार्मसी_काउंटर

दादा, तिथेच फसगत होते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा (नेहमीचं स्टेरॉइड) परिणाम दुपारी जेवणानंतर ते संध्याकाळपर्यंत दिसतो आणि रात्रीत ओसरतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. आणि शुगर वाढली म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करू नका. काही आठवडे घेतल्यावर शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं, अचानक थांबवल्यास रक्तदाब कोसळू शकतो. मात्रा उतरवत नेतात ती याचसाठी.

श्रावणसरी

वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं म्हणजे तोच जीएलपी-१ का?

येऊर_पायवाट

त्याचंच टिकाऊ रूप. आपल्या शरीरातला जीएलपी-१ डीपीपी-४ नावाच्या विकरामुळे एक-दोन मिनिटांत निम्मा संपतो. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या त्या विकराला अडवतात. सेमाग्लुटाइडची रचनाच अशी बदललेली आहे की त्याचं अर्धं प्रमाण उतरायला आठवडाभर लागतो. शुगर वाढलेली असतानाच ते इन्सुलिन सोडायला लावतं, म्हणून एकटं घेतलं तर शुगर लो होण्याची भीती कमी. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनसोबत ती राहतेच.

इंजेक्शनचा डोस ०.२५ मिग्रॅपासून, चार आठवड्यांनी ०.५, असा सावकाश वाढवतात. घाई केली की मळमळ-उलट्या. कमी खाल्ल्याने स्नायूही झडतात, त्यामुळे रोजच्या जेवणात डाळ-अंडी-मासे आणि आठवड्यात दोन-तीनदा वजनाचे व्यायाम हवेतच. पोटात कळ येऊन पाठीकडे गेली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते, लगेच दाखवा. घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर हे औषध नको. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना सांगा, कारण आदल्या रात्रीचं अन्न जठरात शिल्लक असू शकतं. बंद केल्यावर भूक परत येते हेही आधीच माहीत असावं.

ऐरोली_रात्रपाळी

जेवणानंतर शतपावलीने खरंच फरक पडतो का, आणि किती चालायचं?

मासुंदाकाठ

पडतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लुकोजची दारं उघडतो. त्यामुळे ज्याच्या अंगात इन्सुलिन दाद देत नाही त्यालाही चालण्याचा उपयोग होतो. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत १०-१५ मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगाने. उपवनला एक फेरी किंवा सोसायटीच्या आवारातच फेऱ्या. पाऊस असेल तर जिन्यात. सकाळी एकदाच तासभर चालणाऱ्यांनीही रात्रीच्या जेवणानंतरची ही पंधरा मिनिटं जोडावीत, कारण आपल्याकडे सगळ्यात मोठं जेवण रात्रीचंच असतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याआधीचं इंजेक्शन मांडीत घेऊ नये, पोटात घ्यावं. चालताना मांडीतलं रक्ताभिसरण वाढून ते भराभर शोषलं जातं आणि शुगर झपकन उतरते. चालायला निघताना मोजलेली १०० च्या खाली असेल तर आधी एखादं केळं खाऊन निघा.